मदत हवी आहे: घरी केलेल्या टाय-डायचा रंग पहिल्याच धुण्यात जातो

सोनटक्का
नववी-दहावीतल्या चार मुलींना सुट्टीत टी-शर्ट टाय-डाय करायचेत. एक फेरी झाली. पुडीतला रंग कोमट पाण्यात कालवून बाटलीने ओतला, वरून मीठ, दोन तासांनी धुतलं. लाल होता तो फिका गुलाबी झाला, निळ्याचा मागमूस नाही, पांढऱ्या भागावर गुलाबी झाक आणि शिलाई सगळीकडे पांढरीच. लेबलवर 'कॉटन रिच' लिहिलंय. व्हिनेगरमध्ये भिजवलं की रंग पक्का होतो म्हणतात, ते करू का? मापं नेमकी सांगा, करणार मुलीच आहेत.

निळीशाई
व्हिनेगर नको. ते लोकर, रेशीम, नायलॉनवरच्या अॅसिड रंगांना लागतं. सुतीवर उपयोग शून्य.

पुडीवर 'मीठ घालून उकळा' असं लिहिलंय का बघा. असेल तर तो डायरेक्ट रंग. तो उकळत्या पाण्यात कापड बुडवून चढवायचा असतो, गार ओतून नाही. नीट चढवला तरी धुण्यात थोडा थोडा सुटत राहतो. गुलाबी झाक त्याचीच.

दुसरं, 'कॉटन रिच' म्हणजे पॉलिस्टर मिसळलेलं. सुती रंग पॉलिस्टरला धरत नाही, त्यामुळे मिश्र कापड फिकंच दिसणार. शंका असेल तर आतल्या शिवणीतला कापडाचा धागा काढून चिमट्यात धरून मोरीत जाळा. सूत कागदासारखं जळून मऊ राख होतं. पॉलिस्टर वितळून काळी टणक गोळी होते. शिवायचा दोरा मात्र १०० टक्के कॉटनच्या टी-शर्टातही बहुधा पॉलिस्टरचाच असतो. शिलाई पांढरीच राहणार, ती नक्षी समजायची.

बाराखडी
आमच्याकडे रंग पक्का करायला तुरटी लावतात. शिवाय हळद, बीट वापरलं तर केमिकलची भानगडच नाही.

निळीशाई
बाराखडी, तुरटी वनस्पतींच्या रंगांना. इथे ती उलटी पडते, कारण ती आम्लधर्मी आहे आणि सुतीवर रंग पक्का व्हायला उलट सोडा, म्हणजे अल्कली, लागतो. बीट धुण्यात जातं. हळद उन्हात विटते आणि साबण लागला की लाल होते.

कपडेपट
सोनटक्का, रंगांच्या दुकानात 'रिअॅक्टिव्ह, कोल्ड ब्रँड' मागा, म्हणजे एम गटातला. रिअॅक्टिव्ह रंग सोड्याच्या मदतीने सुताच्या धाग्याशीच जुळतो, म्हणून धुण्यात टिकतो. नुसतं 'रिअॅक्टिव्ह' म्हटलं तर हॉट ब्रँड हातात पडू शकतो, तो घरच्या तापमानाला नीट धरत नाही. लाल, पिवळा, निळा पुरे. पावडर हवाबंद ठेवा, पावसाळ्यात दमट झाली की तिचा जोर जातो.

चार टी-शर्टांसाठी ४ लिटर पाण्यात २०० ग्रॅम सोडा अॅश (धुण्याच्या सोड्याची कोरडी पावडर). धुण्याचा सोडा खड्यांचा असेल तर साधारण ५४० ग्रॅम, कारण त्यात निम्म्याहून जास्त वजन पाण्याचंच असतं. खायचा सोडा चालणार नाही, तो फार सौम्य. नवीन टी-शर्ट आधी साबणाने गरम पाण्यात धुवा (खळ निघायला हवी), मग सोड्यात २० मिनिटं ठेवून घट्ट पिळा. पाणी गळत असेल तर रंग पसरून रेघा बुजतात.

रंग: २५० मिली पाण्याला सपाट २ चहाचे चमचे पावडर, काळ्याला दुप्पट. आधी थोड्या पाण्यात लापशी करा, नाहीतर गुठळ्यांचे ठिपके उमटतात. शक्य तर २५ ग्रॅम युरिया घाला, कापड ओलसर राहतं. ओतायच्या पद्धतीत मिठाचं काम नाही. रंगाच्या बाटलीत सोडा कधीच टाकू नका. सोडा मिसळला की रंग पाण्याशीच जुळायला लागतो आणि काही तासांत निकामी होतो. नुसतं रंगाचं पाणी थंड जागी आठवडाभर टिकतं.

चक्रासाठी टी-शर्ट सपाट पसरा, मधोमध काटा रोवून फिरवा, चकती झाली की तीन रबरबँड आडवेतिडवे लावून सहा फाका करा. पिवळ्याशेजारी जांभळा आला की चिखल होतो. पिवळा, लाल, निळा असे ठेवा, सीमेवर केशरी, जांभळा, हिरवा आपोआप मिळतो. नळी घडीत खुपसून रंग सोडा आणि दोन्ही बाजूंनी भरा. वरवर ओतलं तर उघडल्यावर आत पांढरंच निघतं.

मग प्लास्टिकच्या पिशवीत बांधून रात्रभर. हवा २५ अंशांच्या वर हवी. थंडीत पिशवी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उन्हात ठेवा. कापड वाळलं की प्रक्रिया थांबते, म्हणून पिशवी.

निळीशाई
रबरबँड न काढता आधी नळाखाली गार पाणी, बऱ्यापैकी स्वच्छ येईपर्यंत. मग सोडून पुन्हा गार. शेवटी ६० अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात साबण घालून दोनदा. न धरलेला रंग गरम पाण्यातच सुटतो. ओला गोळा बादलीत पडू दिला तर तोच सुटा रंग पांढऱ्या भागावर बसतो. बोअरचं जड पाणी असेल तर रंग कालवायला पिण्याचं फिल्टरचं पाणी घ्या.

पावडर कालवताना पंखा बंद, तोंडाला मास्क, हातात रबरी मोजे. ती श्वासातून गेली तर काहींना दम्यासारखा त्रास जडतो. चमचे-वाट्या परत स्वयंपाकघरात नेऊ नका.

सोनटक्का
दोघांचेही खूप आभार. आता काळ्या टी-शर्टवर ब्लीचने नक्षी हवीय म्हणतात. चालेल का?

कपडेपट
चालेल, पण मोठं माणूस शेजारी आणि गॅलरीत. आधी आतल्या दुमडीवर कानकाडीने एक थेंब लावून बघा. काही काळे तांबूस-केशरी होतात, काही हलतच नाहीत. कापडात स्पॅन्डेक्स (ताणला जाणारा धागा) असेल तर नको, ब्लीच ते खातं. लोकर-रेशीमही नाही.

घरगुती ब्लीच (४-५ टक्के) एक भाग, पाणी दोन भाग. हवी त्यापेक्षा एक छटा गडद असतानाच धुवा, पाच-दहा मिनिटांत कळतं. नुसत्या पाण्याने ब्लीच थांबत नाही, नंतर कापड विरतं. म्हणून धुतल्यावर औषधाच्या दुकानातलं ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड एक भाग आणि पाणी वीस भाग, यात १० मिनिटं बुडवा, मग साबणाने धुवा. इथे व्हिनेगर मुळीच नाही, तसंच आम्लाचं टॉयलेट क्लिनरही नाही. ब्लीचमध्ये आम्ल पडलं की क्लोरीन वायू निघतो.