पीएचडीसाठी ओपन ॲक्सेस जर्नल्स: शोधायची कशी, पारखायची कशी, संदर्भ कुठला द्यायचा?

भूजलकन्या
नमस्कार. पर्यावरणशास्त्र, पीएचडीचं पहिलं वर्ष. विषय यवतमाळ-नांदेड पट्ट्यातल्या भूजलातलं फ्लोराइड. संशोधन केंद्र विनाअनुदानित महाविद्यालयात आहे, त्यामुळे वर्गणीची जर्नल्स जवळजवळ नाहीतच. सगळी भिस्त ओपन ॲक्सेसवर, म्हणजे कोणालाही मोफत वाचता येणाऱ्या लेखांवर. अडचणी अशा:

डीओएजेवर (ओपन ॲक्सेस जर्नलांच्या सूचीवर) विषय टाकला की मोजके लेख येतात. गूगल स्कॉलरवर टाकला की पूर येतो, आणि त्यात काय घ्यायचं, काय सोडायचं कळत नाही. एकाच लेखाच्या दोन पीडीएफ सापडतात, तक्त्यातले आकडे किंचित वेगळे; मग संदर्भ कुठल्या प्रतीचा? आणि एका पेपरमधला भूशास्त्रीय नकाशा मराठी नावं टाकून प्रबंधात घ्यायचा आहे. "फुकट आहे ना, मग घे" असं सांगण्यात आलंय. चालतं का?

दशांश_वर्गीकरण
ताई, आधी शोधाचं बघू, कारण बाकीचे दोन्ही घोळ तिथूनच सुरू होतात.

डीओएजे ही जर्नलांची यादी आहे. २००३ साली स्वीडनच्या लुंड विद्यापीठात सुरू झाली, आता तिच्यात वीस हजारांहून जास्त जर्नल्स आहेत. पण तिथे फक्त पूर्णपणे ओपन ॲक्सेस असलेली जर्नल्स असतात, आणि लेखांची माहिती ज्या त्या जर्नलने स्वतः चढवायची असते. अनेक जण चढवतच नाहीत. वर्गणीच्या जर्नलमधला पण लेखकाने पैसे भरून खुला केलेला लेख तिथे दिसत नाही. लेखकाने आपल्या विद्यापीठाच्या भांडारात ठेवलेली प्रतही दिसत नाही. म्हणून साहित्य-आढावा डीओएजेवर करू नका. ते जर्नलची पारख करायला वापरा. शोध घ्यायचा तो लेखागणिक.

आधी फुकट-विकत विसरून स्कॉलरवर शोधा. स्थळांची नावं सगळ्या स्पेलिंगांनी टाका. यवतमाळचं जुन्या इंग्रजी कागदपत्रांतलं स्पेलिंग वाय-ई-ओ-टी-एम-ए-एल असं आहे; नव्या स्पेलिंगने शोधलं तर जुने अहवाल निसटतात. जिल्ह्याबरोबर तालुकेही टाका: किनवट, पांढरकवडा, केळापूर, मारेगाव. पांढरकवडा परिसरातल्या फ्लोराइडवरचा लेख २००७ साली करंट सायन्समध्ये आला आहे, तो आधी काढा. मग त्याच्याखालच्या 'साइटेड बाय'वर (त्याचा संदर्भ देणाऱ्या लेखांच्या यादीवर) जा आणि तिथे 'या लेखांतच शोधा' ही खूण लावून पुन्हा शब्द टाका. पूर ओसरायला हा सगळ्यात सोपा बांध. स्कॉलर कुठल्याही शोधाचे पहिले हजारच निकाल दाखवतो, म्हणून एकच ढोबळ शोध घेण्यापेक्षा पाच-सहा नेमके घ्या.

यादी झाली की सगळे डीओआय (प्रत्येक लेखाचा कायमचा ओळख क्रमांक) झोटेरोत, म्हणजे संदर्भ सांभाळणाऱ्या मोफत प्रणालीत, टाका. वरच्या जादूच्या कांडीच्या चिन्हावर टिचकी मारून एकाखाली एक चिकटवता येतात. नव्या ओळीसाठी शिफ्ट आणि एंटर एकत्र दाबायचं. मग सगळ्या नोंदी निवडून उजव्या बटणाने 'फाइंड फुल टेक्स्ट' म्हणा (जुन्या आवृत्तीत 'फाइंड अव्हेलेबल पीडीएफ'). झोटेरो हे अनपेवॉल या खुल्या प्रतींच्या नोंदसंचाच्या माहितीवरून करतो, म्हणजे जी कायदेशीर खुली प्रत जगात कुठेही असेल ती उचलतो. तरी राहिलेच, तर स्कॉलरवर त्या लेखाखालचं 'ऑल व्हर्जन्स' उघडा, आणि कोअर व बेस या दोन शोधयंत्रांत शीर्षक टाका. रिसर्चगेट या संशोधकांच्या समाजमाध्यमावरच्या प्रती अनपेवॉल मोजत नाही, त्या हाताने बघाव्या लागतील.

एवढ्यावरही मिळाला नाही तर पत्रव्यवहाराच्या लेखकाला चार ओळींची मेल. लेखाचं शीर्षक, डीओआय, तुमचा विषय एका वाक्यात, विनंती. लांबलचक ओळख नको.

'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या केंद्राच्या सामायिक वर्गणी योजनेबद्दल पुढे कोणी विचारेलच. मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली, ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार जर्नल्स, तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपये. पण पहिला टप्पा केंद्र आणि राज्य सरकारच्या अखत्यारीतल्या संस्थांचा. तुमचं केंद्र त्यात बसत नसेल, तरी तुमची नोंदणी ज्या विद्यापीठात आहे ते बसत असेल. विद्यापीठाच्या ग्रंथपालांना विचारा की संलग्न केंद्रातल्या पीएचडी विद्यार्थ्याला तिथे बसून वाचता येईल का. महिन्यातून एक दिवस गाठून झोटेरोतला तोच आदेश तिथल्या नेटवर्कवर पुन्हा चालवला, तर राहिलेल्या बऱ्याच पीडीएफ आपोआप जोडल्या जातात.

खडूस_परीक्षक
वरचं सगळं बरोबर. मी कचरा-निवाड्याबद्दल लिहितो.

आधी एक गैरसमज काढून टाका: यूजीसी-केअर, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य जर्नलांची यादी, आता नाही. आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये ती बंद केली आणि पारखायचं काम संस्थांवर सोपवलं. तरीही संकेतस्थळावर 'यूजीसी ॲप्रूव्ह्ड'चा लाल पट्टा लावून बसलेली जर्नल्स आहेत. त्या पट्ट्याला तेव्हाही फारसा अर्थ नव्हता: विद्यापीठांच्या शिफारशीने जुन्या यूजीसी यादीत घुसलेल्या १००९ जर्नलांची पुण्यातल्या संशोधकांनी छाननी केली, तेव्हा ८८ टक्के नापास झाली. तो लेखही करंट सायन्समध्येच आहे, २०१८ चा, मोफत वाचा.

संशयित जर्नल ओळखायचं तर मुखपृष्ठ सोडा, ताजा अंक उघडा. एकाच अंकात फ्लोराइड, जीएसटी, योगासनं आणि ग्रामीण कथा असेल तर परीक्षण कोण करतंय हे उघड आहे. लेखाखाली 'मिळाला' आणि 'स्वीकारला' या तारखा पाहा. मध्ये चार दिवस असतील तर परीक्षण झालेलं नाही. आयएसएसएन (जर्नलचा ओळख क्रमांक) घेऊन आयएसएसएन पोर्टलवर टाका आणि तिथे नोंदलेला पत्ता तुम्ही उघडलेल्या संकेतस्थळाशी जुळतो का ते बघा. जुन्या चांगल्या जर्नलचं नाव आणि आयएसएसएन चोरून उभी केलेली बनावट संकेतस्थळं असतात, ती इथेच पकडली जातात. डीओआय छापलाय म्हणून खूश होऊ नका, तो डीओआयच्या मुख्य संकेतस्थळावर टाकून उघडतो का पाहा. आणि 'गूगल स्कॉलरमध्ये समाविष्ट' ही काही पात्रता नव्हे.

आता उलट बाजू. चांगल्या जर्नलमधला पेपर म्हणून डोळे मिटून घ्यायचा नाही. तुमच्या विषयात तर पेपर तपासायची सोय आकड्यांतच असते, आणि ओपन ॲक्सेसचा खरा फायदा इथे आहे, कारण पूर्ण तक्ता आणि पुरवणी फाइल समोर असते. आयन-तोल काढा: पाण्यातल्या धनभारित आणि ऋणभारित आयनांची बेरीज जवळजवळ सारखी यायला हवी. समजा तक्त्यात एका विहिरीचं पाणी असं दिलंय, सगळं मिलिग्रॅम प्रतिलिटर: कॅल्शियम ४०, मॅग्नेशियम २४, सोडियम ९२, पोटॅशियम ४, बायकार्बोनेट ४२७, क्लोराइड ७१, सल्फेट ४८, फ्लोराइड १.९. प्रत्येकाला त्याच्या समतुल्य भाराने भागा (२०, १२.१५, २३, ३९, ६१, ३५.५, ४८, १९). धन बाजू २ + २ + ४ + ०.१ = ८.१, ऋण बाजू ७ + २ + १ + ०.१ = १०.१. फरक उणे २, बेरीज १८.२, म्हणजे चूक उणे ११ टक्के. पाच टक्क्यांच्या आत असायला हवी, फार तर दहा. एखाद-दुसरा नमुना असा निघाला तर ठीक. निम्मे नमुने असे असतील तर त्या पेपरमधले फ्लोराइडचे नकाशे कितीही रंगीत असोत, त्यावर तुमचा युक्तिवाद उभा करू नका. उलट सगळ्या नमुन्यांत चूक बरोबर शून्य आली, तर सोडियम मोजलेलं नसून वजाबाकीने काढलंय असं समजा.

पद्धतीही बघा. एसपीएडीएनएस या फ्लोराइड मोजायच्या रंगपद्धतीत ॲल्युमिनियम आणि जास्त क्षारता अडथळा आणतात. आयन-निवडक इलेक्ट्रोड वापरला असेल तर टिसॅब (फ्लोराइड मोकळं करणारं) द्रावण घातल्याचा उल्लेख हवा, नाहीतर लोह-ॲल्युमिनियमला बांधलेलं फ्लोराइड मोजणीतून सुटतं. नमुने पावसाळ्याआधीचे की नंतरचे, हे ज्या पेपरात नाही त्याची तुलना कशाशीही करता येत नाही.

भूजलकन्या
आयन-तोलाचं लगेच करून बघते, एक्सेलमध्ये सूत्र लावून टाकते. एक शंका: एमडीपीआय, फ्रंटियर्स, हिंदावी या ओपन ॲक्सेस प्रकाशकांचे पेपर खूप येतात. ते डीओएजेत असले तर घ्यायला हरकत नाही ना?

खडूस_परीक्षक
मी टाळतो. विशेषांकांचा रतीब घालणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. हिंदावीचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं: वायली या प्रकाशकाने ती २०२१ मध्ये विकत घेतली, आणि २०२३ या एकाच वर्षात तिचे आठ हजारांवर लेख मागे घेतले गेले. भोक विशेषांकांतच होतं. डीओएजे ही पहिली चाळण आहे, शेवटची नाही.

दशांश_वर्गीकरण
सर, टाळतो म्हणून कसं चालेल? भूजलावरचं भारतातलं कितीतरी काम याच प्रकाशकांकडे आहे. सगळं वगळलं तर आढावाच लंगडा होईल आणि बाहेरचे परीक्षक विचारतील, हा पेपर कसा सुटला? एमडीपीआयचं पर्यावरण-आरोग्यावरचं मोठं जर्नल २०२३ मध्ये वेब ऑफ सायन्स या निवडक जर्नलांच्या सूचीतून काढलं गेलं हे खरं, पण त्यातले जुने चांगले पेपर त्यामुळे वाईट होत नाहीत. तुम्हीच सांगितलेली आयन-तोलाची कसोटी लावा आणि घ्या. विशेषांकातला असेल तर पाहुणा संपादक आणि लेखक एकाच विभागातले आहेत का, एवढं जास्तीचं बघा.

मागे घेतलेले लेख ओळखायला झोटेरो मदत करतो: रिट्रॅक्शन वॉचच्या यादीशी ताडून नोंदीवर लाल सूचना दाखवतो. पण त्यासाठी नोंदीत डीओआय किंवा पबमेड क्रमांक असावा लागतो. हाताने टाईप केलेली नोंद असेल तर तो ओळखेलच असं नाही. प्रबंध सादर करण्याच्या आठवड्यात पूर्ण यादी एकदा उघडून बघा.

आणि पाण्यावरची जर्नल्स म्हटलं की फक्त एमडीपीआय नव्हे. हायड्रॉलॉजी अँड अर्थ सिस्टम सायन्सेस, अप्लाइड वॉटर सायन्स ही पूर्ण खुली आहेत. बंगळूरच्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसचं जर्नल ऑफ अर्थ सिस्टम सायन्स प्रकाशकाकडे विकत दिसेल, पण अकॅडमीच्या संकेतस्थळावर तेच मोफत आहे. आपल्याकडच्या भूगर्भावरचं बरंच काम तिथे सापडतं.

सीसी_बाय
प्रती आणि नकाशा, दोन्हींचं उत्तर राहिलंय.

दोन पीडीएफ म्हणजे बहुधा दोन टप्पे. परीक्षणाआधीची प्रत म्हणजे प्रीप्रिंट, परीक्षणानंतर स्वीकारलेलं हस्तलिखित, आणि जर्नलने मांडणी करून छापलेली अंतिम प्रत. आकडे बदलले असतील तर ते परीक्षकांनी बदलायला लावलेले असण्याची शक्यता जास्त, त्यामुळे आकडा नेहमी अंतिम प्रतीतला. ती विकत असेल आणि तुम्ही स्वीकृत हस्तलिखित वाचलं असेल, तर संदर्भ अंतिम प्रतीचा डीओआय देऊनच, पण पान क्रमांक देऊ नका, तो जुळणार नाही. 'तक्ता ३' किंवा विभागाचं नाव द्या. झोटेरोतल्या टिपणात 'स्वीकृत प्रत वाचली' असं लिहून ठेवा. फक्त प्रीप्रिंट उपलब्ध असेल तर भांडाराचं नाव आणि आवृत्ती क्रमांक संदर्भात हवा, कारण दुसऱ्या आवृत्तीत तक्ता बदललेला असू शकतो. अंतिम प्रतीवर 'चेक फॉर अपडेट्स'चं बटण असतं, दाबून बघा. शुद्धिपत्र निघालं असेल तर तिथे कळतं.

आता नकाशा. "फुकट आहे, मग घे" हे चूक. वाचायला मोफत आणि पुन्हा वापरायला मोकळा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. लेखाच्या पहिल्या किंवा शेवटच्या पानावर परवाना शोधा. सीसी बाय (श्रेय देऊन कसाही वापरा, असा क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना) असेल तर नकाशा घ्या, मराठी नावंही टाका. खाली लेखक, लेखाचं नाव, डीओआय, परवाना आणि 'नावं मराठीत बदलली' एवढं लिहा. सीसी बाय-एनसी (व्यापारी वापर नको) असेल तर प्रबंधात अडचण नाही, पण उद्या त्याचं पुस्तक एखाद्या प्रकाशकाने विकायला काढलं तर तो नकाशा काढावा लागेल. परवान्यात एनडी (बदल नको) असेल तर बदललेली आवृत्ती लोकांपुढे ठेवता येत नाही. नावं मराठीत करणं हा बदलच, आणि प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर जाणार म्हणजे तो लोकांपुढे जाणार. परवानाच छापलेला नसेल, तर सगळे हक्क राखीव धरा आणि लेखी परवानगी मागा.

एक खाच इथे हमखास चुकते: पेपर सीसी बाय असला तरी चित्राखाली 'अमुकच्या परवानगीने' असं असेल, तर त्या चित्राला पेपरचा परवाना लागू नाही. भूशास्त्रीय नकाशे अनेकदा असेच कुठून तरी घेतलेले असतात.

त्यापेक्षा नकाशा स्वतःच काढा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश पोर्टलवर नोंदणी करून भूशास्त्राचे थर घ्या, क्यूजीआयएस या नकाशा काढायच्या प्रणालीमध्ये तालुक्यांच्या सीमा आणि तुमच्या विहिरी टाका, स्रोत लिहा. किनवटकडे बेसाल्ट संपून ग्रॅनाइटी खडक कुठे सुरू होतो हे तुम्हाला हव्या त्या बारकाईने दाखवता येईल, जे दुसऱ्याच्या छोट्या चित्रात दिसत नाही.

खडूस_परीक्षक
नकाशाचं पटलं. शोधगंगेबद्दल एक पुरवणी. तिथे प्रबंध प्रकरणागणिक वेगळ्या पीडीएफमध्ये असतात. सगळा उतरवत बसू नका, पद्धतीचं प्रकरण आणि संदर्भसूची एवढ्याच फाइली घ्या. त्यातला दुसऱ्याच्या पेपरचा आकडा तिथूनच उचलू नका, मूळ पेपरपर्यंत जा. आणि मर्यादांचा आकडा कुठल्याही पेपरातून घेऊ नका, थेट आयएस १०५००:२०१२ या भारतीय मानकातून घ्या: फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा १.०, आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅम प्रतिलिटर. अनेक पेपरांत नुसतं १.५ लिहिलेलं असतं. त्यामुळे १.२ ची विहीर एका पेपरात 'सुरक्षित' आणि दुसऱ्यात 'मर्यादेबाहेर' निघते. तुलनेचा तक्ता करताना कोणी कुठली मर्यादा धरली, त्याचा वेगळा रकाना ठेवा.

भूजलकन्या
रकाना घातला. यादीतल्या पहिल्या सात पेपरांपैकी तिघांनी १.० धरलंय, चौघांनी १.५. दोन पेपरांत ऋतूचा उल्लेखच नाही, ते वेगळे काढले. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला मेल टाकते आहे.