प्रीमियर पद्मिनी आणि जुन्या मारुती ८०० साठी ॲल्युमिनियमची चाकं: कोल्हापुरात ओतून विकावीत का?

उद्यमनगरी
माझं मत सरळ आहे, विकावीत. पद्मिनीवाल्याला हलकं चाक हवं असलं की बाजारात फियाट पालिओचं उतरवलेलं मिळतं, नाहीतर ४×१०० पीसीडीचं (चार भोकं, त्यांच्या वर्तुळाचा व्यास १०० मिमी) काहीतरी गळ्यात मारलं जातं. ओतकाम, डाय, सीएनसी सगळं आपल्या गावात आहे. मग १४ इंची, पद्मिनीच्या मापाचं म्हणजे ४×९८ पीसीडीचं, आठ आऱ्यांचं साधं चाक इथं का होऊ नये? साठच्या दशकात मिनी कूपरवर मिनीलाइटची चाकं चढली ती मॅग्नेशियमची, पण घाट तोच. जुन्या गाडीला तो शोभतो. शिवाय स्प्रिंगखालचं वजन घटलं की खड्ड्यातून चाक पटकन खाली येतं, पकड टिकते.

लॅडलवाला
दादा, "ओतकाम गावात आहे" हे अर्धंच खरं. शिरोली-गोकुळ शिरगावच्या कारखान्यांचं नाव ग्रे आयर्न आणि एसजीमुळं, म्हणजे ओतीव लोखंडामुळं. चाक म्हणजे पंपाची केसिंग नव्हे.

चाकाला ए३५६ हा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू लागतो, म्हणजे साधारण एलएम२५. त्यात लोह आणि तांबं दोन्ही ०.२ टक्क्यांच्या आत हवं. भंगारातले पिस्टन वितळवले की तांबं तिथंच हाताबाहेर जातं. लोह वाढलं की सुईसारखे कण तयार होतात आणि चाक ठिसूळ होतं. दुसरा शत्रू हायड्रोजन. आपल्या पावसाळ्यात ओला इनगॉट (धातूची वीट), दमट फ्लक्स (मळ काढायची पूड) किंवा न तापवलेला डाव भट्टीत गेला तर रस हायड्रोजन पितो आणि गोठताना बारीक भोकं सोडतो. रोटरी डिगॅसिंग करून (फिरत्या दांड्यानं रसातला वायू काढून), निर्वातात नमुना गोठवून, तो कापून बघितल्याशिवाय डायमध्ये ओतायचं नाही. ट्यूबलेस टायर असेल तर याच भोकांतून रात्रीत हवा उतरते.

मग टी६, म्हणजे तापवून-विझवून ताकद आणायची प्रक्रिया. साधारण ५४० अंशांवर काही तास, लगेच ६०-८० अंशांच्या पाण्यात, नंतर १५५-१६५ अंशांवर पुन्हा काही तास. भट्टीतून पाण्यापर्यंत जायला उशीर झाला तर ताकद येतच नाही, आणि बाहेरून ते दिसतही नाही. पाण्यात चाक थोडं वाकतं, म्हणून शेवटचं टर्निंग टी६ नंतरच.

हे सगळं जमलं तरी चाकांच्या भारतीय मानकाच्या, आयएस १६१९२ च्या, चाचण्या उरतात. वळणाची फटीग (पुन्हापुन्हा भार देऊन बघणं), रेडियल फटीग आणि १३ अंशांत तिरक्या ठेवलेल्या चाकावरचा आघात. आघाताचं वजन = ०.६ × चाकावरचा भार + १८० किलो. भार ३५० धरला तर ३९० किलो, २३० मिमीवरून. चाकांना गुणवत्ता नियंत्रण आदेश लागू आहे. आयएसआय मार्काशिवाय ओतून विकायचं म्हणजे पहिला अपघात होईपर्यंतचा धंदा.

उद्यमनगरी
मान्य, ओतण्याचा हट्ट सोडला. पण आयएसआय परवानाधारकाकडून ब्लँक, म्हणजे बोल्टची भोकं न पाडलेली चाकं, आणून इथं ४×९८ ची भोकं पाडली तर?

लॅडलवाला
ब्लँकच्या बॉसमध्ये (मधल्या जाड भागात) भोकाभोवती पुरेसा धातू असेल तर चालेल, पण चाचणी झाली ती त्याच भोकांवर झाली का, हे कारखान्याकडून लेखी घ्या. आधीच ४×१०० पाडलेल्या चाकात मात्र नवीन भोकं नकोत. केंद्रापासून फरक फक्त १ मिमी, त्यामुळं नवं भोक जुन्यातच पडतं आणि अंडाकृती होतं.

क्रोमकप
तुम्ही दोघं धातूवर भांडताय, मला मुळात चाकच नको आहे. पद्मिनीचा चेहरा म्हणजे तिचा क्रोमचा व्हील कप. तो लोखंडी रिमच्या क्लिपांवर बसतो, ॲल्युमिनियमवर कुठं बसवणार? १९७५ च्या पद्मिनी आता पन्नाशी ओलांडतायत, म्हणजे विंटेज नोंदणीच्या वयात येतायत. २०२१ च्या नियमात विंटेज नोंदणीला गाडी मूळ स्वरूपात हवी. शिवाय आंबा घाटातल्या खड्ड्यात लोखंडी रिम वाकली तर ठोकून सरळ होते. ॲल्युमिनियम तडकतं.

उद्यमनगरी
त्या नियमात चासिस, बॉडी शेल आणि इंजिन असे शब्द आहेत, चाक नाही. आणि मूळ पाच रिम पोटमाळ्यावर ठेवा की, नोंदणीच्या दिवशी चढवा!

क्रोमकप
"मूळ स्वरूप" हे शब्दही त्यातच आहेत, राव. आणि एका दिवसापुरतं मूळ स्वरूप म्हणजे गणपतीपुरतं सोवळं.

पीसीडीवाली
विकणाऱ्याच्या बाजूनं सांगते. चाक तुटल्याच्या तक्रारी कमी असतात. परत येतो तो चुकीच्या मापाचा माल. म्हणून ऑर्डरआधी गिऱ्हाइकाकडून माप घ्या, गाडीच्या नावावर विसंबू नका. चार भोकांत समोरासमोरच्या दोन केंद्रांतलं अंतर म्हणजे पीसीडी. पाच भोकांत शेजारच्या दोघांचं अंतर गुणिले १.७०१. ८०० ला ४×११४.३, विलीज जीपला ५×१३९.७, आणि बीटलचं १९६७ पर्यंत ५×२०५, पुढं ४×१३०. ४×९८ च्या हबवर ४×१०० चं चाक बोल्टनं ओढून बसतं, पण बोल्ट तिरका राहतो, स्टिअरिंग थरथरतं आणि बोल्ट सैल होत जातो.

ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या बैठकीचं अंतर, हा दुसरा घोटाळा. पालिओसारख्या फ्रंट व्हील ड्राइव्हचं चाक पद्मिनीवर आत सरकतं. मग लोक स्पेसर (हब आणि चाकामधली चकती) घालतात आणि बोल्ट तोच ठेवतात! एम१२×१.२५ चा (१२ मिमी जाड, १.२५ मिमी वेढ्याचा) बोल्ट किमान दहा वेढे फिरला पाहिजे. मोजून बघा, सहा-सातवर कसला गेला तर गाडी देऊ नका. बोल्ट टेकतो त्या टेपरच्या (निमुळत्या) बैठकीवर रंग नको, आणि ५०-१०० किमीनंतर पुन्हा टॉर्क रेंच लावायचा.

@क्रोमकप, वाकलेलं ॲल्युमिनियम गॅसवर तापवून सरळ करणारे इथंही आहेत. त्यानं टी६ मरतं. तुमचा मुद्दा तिथं बरोबर आहे.

लॅडलवाला
स्टेपनीचं काय करता? ती लोखंडीच राहते ना?

पीसीडीवाली
म्हणूनच चारचा सेट मी विकत नाही, पाचच. पैसे नसतील तर जुन्या आखूड बोल्टांची पिशवी स्टेपनीत बांधून द्यायची आणि बिलावर तसं लिहायचं. ॲल्युमिनियमच्या चाकाचे लांब बोल्ट पातळ लोखंडी रिमवर लावले तर टोक ड्रमच्या आत जाऊन ब्रेकच्या भागांना लागू शकतं. डिकीचं झाकण लावण्याआधी पिशवी आहे का बघा.