शब्दचर्चा: स्मृतिभ्रंश म्हणजे नक्की काय?

प्रश्न: आईच्या रिपोर्टवर ‘लुई बॉडी डिमेन्शिया’ लिहिलंय. मराठीत डिमेन्शियाला स्मृतिभ्रंश म्हणतात. पण दुधाचा हिशेब, काल कोण येऊन गेलं, हे तिला बऱ्यापैकी आठवतं. पलंगाशेजारी मात्र तिला लहान मुलं बसलेली दिसतात. घरचे म्हणतात, आठवतंय तर डिमेन्शिया कसला? शब्द चुकतोय की निदान?

उत्तर: ताई, निदानावर शंका घेण्याआधी शब्दाकडे पाहा. स्मृतिभ्रंश हा जुना शब्द. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात ‘स्मृतिभ्रंशाद् बुद्धिनाशो’ आहे, पण तिथे विषय क्रोधाचा आहे, मेंदूच्या आजाराचा नाही. आज आपण तो डिमेन्शियाच्या सगळ्या प्रकारांना लावतो आणि ऐकणारा फक्त ‘विसरणं’ ऐकतो.

अल्झायमरला तो चपखल बसतो. हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग नव्या आठवणी पक्क्या करतो, आणि या आजारात सहसा त्यालाच आधी झळ पोचते. म्हणून शाळेतली कविता तोंडपाठ, पण सकाळी पोहे खाल्ले हे आठवत नाही. डॉक्टर ‘सफरचंद, टेबल, रुपया’ असे तीन शब्द सांगतात आणि पाच मिनिटांनी विचारतात. ‘एक फळ होतं’ अशी खूण दिली तरी अनेकदा उपयोग होत नाही. काही जणांना शब्द सांगितले होते हेच आठवत नाही. रक्तवाहिन्यांच्या विकारामुळे होणाऱ्या डिमेन्शियात त्याच खुणेने पुष्कळदा ‘हां, सफरचंद!’ येतं. म्हणजे साठवण आहे, काढायला वेळ लागतो. याला मी विस्मरण म्हणेन, भ्रंश नाही.

लुई बॉडीत सुरुवातीला स्मृती बरीच टिकते. लक्ष कमी-जास्त होतं: सकाळी माणूस नीट बोलतो, दुपारी हरवल्यासारखा बसतो. आणि नसलेली माणसं, प्राणी अगदी स्पष्ट दिसतात. तुम्ही लिहिलंय ते याच्याशी जुळतं.

दुसरं उत्तर: यात एक भर घालते. एका प्रकारात शब्दाचा अर्थच पुसला जातो. जन्मभर विळीवर भाजी चिरलेली बाई विचारते, ‘विळी म्हणजे काय?’ परवाच्या लग्नाला कोण कोण आलं होतं ते मात्र सांगते. हा पुढच्या आणि कानाजवळच्या मेंदूभागांच्या डिमेन्शियातला प्रकार. त्याच गटातल्या दुसऱ्या प्रकारात आधी वागणं बदलतं, आणि लोक ‘म्हातारचळ लागला’ म्हणून मोकळे होतात. हा शब्द फार दुखावतो. ‘साठी बुद्धी नाठी’ तर वापरूच नये: नाठी म्हणजे नष्ट झालेली, आणि वय झालं म्हणून बुद्धी नष्ट होत नाही.

विसरभोळा हा शब्दही इथे नको. तो स्वभाव झाला.

पुन्हा पहिले उत्तरकर्ते: सर्वांसाठी एकच शब्द हवा असेल तर मला बुद्धिभ्रंश जवळचा वाटतो. कानाला कठोर आहे, पण स्मृती, भाषा, वागणं, नजर हे सारं त्यात मावतं. ताई, तुम्ही मात्र प्रत्येक डॉक्टरांना ‘लुई बॉडी’ हे पूर्ण नाव सांगा, नुसतं स्मृतिभ्रंश नको. भास थांबवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या काही औषधांनी या आजारात अंग ताठरतं, शुद्धही हरपू शकते. आईच्या फाइलच्या पहिल्या पानावर ते नाव ठळक लिहून ठेवा.