ललित लेख लिहितो, आता स्टेजवर सांगायचंय. सुरुवात कशी करू?

रंकाळ्याचा_वारा
ललित लेखन आणि स्वतःचे अनुभव स्टेजवर सांगणं, या दोन्हींवर कोल्हापुरात राहून पोट चालतं का? लेख पुरवण्यांत आणि दिवाळी अंकांत येतात. आता एका वाचनालयाच्या कार्यक्रमात १० मिनिटं मिळालीत. हाताशी १,६०० शब्दांचा लेख आहे. तो वाचू की पाठ करू? माइक, मानधन, हक्क यांचं कसं असतं? जाणकारांनी जरा सविस्तर सांगा.

खासबागेतला_प्रेक्षक
वाचू नका आणि पाठही करू नका. १,६०० शब्द सावकाश म्हटले तर तेरा-चौदा मिनिटं जातात, लोक हसले तर आणखी दोन. १० मिनिटांना ९०० ते १,००० शब्द बास.

पण नुसती काटछाट करून भागत नाही, वाक्यच बदलावं लागतं. लेखात चालतं ते असं: 'वडिलांनी आयुष्यभर जपलेली सायकल विकताना घरात पसरलेली अस्वस्थता शब्दांत मांडणं अवघड होतं.' कानाला यातलं काहीच दिसत नाही. सांगताना असं: 'सायकल न्यायला माणूस दारात आला. वडील आतनं फडकं घेऊन आले आणि चेन पुसायला बसले. विकलेल्या सायकलची चेन.' एवढं म्हणून थांबायचं. अस्वस्थतेचं नाव घ्यायचं नाही.

पाठ केलं की एक शब्द निसटला तरी गाडी तिथंच रुतते. त्यापेक्षा एका कार्डावर सात-आठ खुणेचे शब्द लिहा: फडकं, चेन, पावती, असे. शब्दशः पाठ हवीत ती पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं एक. शेवट पक्का नसला की माणूस उतरायचा जिना शोधत तीन मिनिटं फिरत राहतो, आणि आधीचं सगळं पातळ होतं. 'प्रसंग तसा साधाच आहे' ही सुरुवात तर काढूनच टाका.

बोली संवादात ठेवा, निवेदन आपल्या रोजच्या भाषेत. आपल्याकडं बायका 'मी येतो', 'मी जातो' म्हणतात, ते इथं कुणाच्या ध्यानातही येत नाही. पुण्या-मुंबईत आजीच्या तोंडी तेच वाक्य आलं की लोक भलत्या जागी हसतात आणि गंभीर प्रसंग हातचा जातो. बाहेरगावी सांगताना असलं एक वाक्य सुरुवातीलाच हलक्या जागी टाकून ठेवा, म्हणजे पुढं अडत नाही. दोन माणसांचं बोलणं असेल तर आवाज काढत बसू नका, नुसती नजर थोडी डावीकडं-उजवीकडं न्या. नकला हे वेगळं काम आहे.

साउंडवाला_शाहूपुरी
माइकचं सांगतो. हातातला माइक तोंडापासून चार बोटं लांब आणि किंचित तिरका धरा. समोर सरळ धरला की प, फ, भ आले की फटफट आवाज येतो. माइकची जाळी मुठीत धरू नका, शिट्टी वाजते. स्पीकरच्या पुढ्यात गेलात तरी वाजते. कॉलर माइक दिला तर मंगळसूत्र, ओढणी, शालीची घडी घासते काय ते आधी बघा. सत्कार आधी उरकणार असतील तर शाल काढून ठेवा.

गणपतीत मंडळापुढं सांगायचं असेल तर शेजारच्या मंडळाची वेळ विचारून घ्या. त्यांचे ढोल सुरू झाले की तुमचं थांबणं ऐकूच येत नाही, आणि सगळी गंमत तर त्या थांबण्यात असते.

करवीर_वाचक
पोटापाण्याचं सरळ सांगतो: नुसत्या ललितवर भागत नाही. निवेदन, सूत्रसंचालन, आकाशवाणी, कॉलेजातल्या कार्यशाळा असं चार ठिकाणचं जोडावं लागतं. कथाकथन ऐकायला लोक गर्दी करतात हे शंकर पाटील, द. मा. मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर या तिघांनी दाखवलं, त्यातले पाटील आपल्या पट्टणकोडोलीचे. पण ते कथा सांगायचे. स्वतःचं सांगणाऱ्याचा साठा लवकर संपतो, म्हणून एकाच गावात वर्षभर तेच तेच सांगत फिरू नका.

मानधन, प्रवास आणि व्हिडिओ या तिन्ही गोष्टी 'येतो' म्हणायच्या आधी लिहून घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर चालतंय. पूर्ण व्हिडिओ यूट्यूबवर गेला की तो किस्सा तिकिटाच्या कार्यक्रमात निम्मा मेला. दोन मिनिटांचा तुकडा द्या.

हक्क: १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लिहिणारा मूळ मालक. हक्क लेखी दिले आणि मुदत घातली नाही तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश घातला नाही तर भारत. म्हणून 'सर्व हक्क कायमचे' असं छापील वाक्य दिसलं की खोडा आणि 'एकदा छापण्यापुरते' लिहा. मानधनातनं टीडीएस (देतानाच कापलेला आयकर) कापला तर विवरणपत्र भरून बघा, उत्पन्न कमी असेल तर परत मिळतो.

लेख युनिकोडमध्ये पाठवा आणि प्रूफ मागा. अंकाच्या फॉन्टमध्ये जाताना 'दुसऱ्या', 'वाऱ्या' हमखास मोडतात. दिवाळी अंकाचं जुलै-ऑगस्टपर्यंत हातावेगळं करा, गणपतीनंतर संपादक फोन उचलत नाहीत.

रंकाळ्याचा_वारा
धन्यवाद मंडळी. एकच शंका. किस्स्यात शेजारचे आहेत. नाव बदललं की झालं ना?

खासबागेतला_प्रेक्षक
नाही झालं. 'तालमीच्या बोळातला दूधवाला' म्हटलं की अख्ख्या पेठेला कळतं कोण ते. पेठ बदला, धंदा बदला, किश्श्याला लागतं तेवढंच खरं ठेवा. आणि त्यांच्यावर हसू येणार असेल तर आधी त्यांनाच ऐकवा. गल्लीत ते ऐकून गप्प झाले तर तो भाग स्टेजवर नेऊ नका. कार्यक्रमात पहिल्या रांगेत तेच बसणार आहेत.