मदत हवी आहे: जुन्या ब्रिटिश पॅटर्नमधला बाळाचा क्रोशा कोट, टाके जुळत नाहीत

१९५० च्या दशकातल्या ब्रिटिश पुस्तिकेवरून नवजात बाळाचा मॅटिनी कोट (छोटं जाकीट) विणतेय, गळ्याकडून खाली. ३ प्लाय (बारीक) लोकर ३ औंस, सुई ‘नं. ११’. ५८ साखळ्या, चौथ्या साखळीपासून ‘टी.आर.’ (ट्रेबल), ओळीअखेर ५६. इथपर्यंत ठीक.

दुसरी ओळ: ३ सी.एच. (साखळ्या), ८ टी.आर., कोपरा, ८, कोपरा, १८, कोपरा, ८, कोपरा, ९. कोपरा म्हणजे एकाच टाक्यात २ टी.आर., १ सी.एच., २ टी.आर. शेवटी ६८ हवेत, माझे ६९ होतात. टी.आर. म्हणून सुईवर धाग्याचे दोन वेढे घेऊन मोठा खांब घातलाय, तर वीण जाळीसारखी दिसतेय. किनारीत ‘मिस २’ आहे, ते काय?

प्रतिसाद १
मोठा खांब उसवा. ब्रिटिश टी.आर. म्हणजे आपला साधा खांब, एकच वेढा. ब्रिटिश डी.सी. (डबल क्रोशे) म्हणजे मुका खांब, वेढा न घेता घालायचा ठेंगणा टाका. अमेरिकन पॅटर्नमध्ये डी.सी. म्हणजे खांब, घोळ तिथेच होतो. खूण पॅटर्नमध्येच आहे: वळताना ३ साखळ्या सांगितल्यात. मोठ्या खांबाला ४ लागल्या असत्या. ‘मिस’ हा शब्दही ब्रिटिशच, म्हणजे टाका सोडा. अमेरिकन ‘स्किप’ लिहितात.

प्रतिसाद २
६९ चं कारण वळणाच्या साखळ्या. त्या ३ साखळ्या हाच पहिला खांब, म्हणून त्यांच्या बुडाशी असलेल्या टाक्यात पुन्हा खांब घालायचा नाही, थेट पुढच्या टाक्यात. ओळीचा शेवटचा खांब मात्र आधीच्या ओळीच्या तिसऱ्या साखळीच्या डोक्यात. तो विसरला की एक कमी पडतो. दोन्ही चुका एकाच ओळीत झाल्या तर मोजणी बरोबर येते आणि चूक कळतच नाही. तेव्हा नुसतं मोजू नका, पुढची कड सरळ आहे का तेही बघा.

तिसऱ्या ओळीपासून कोपरा मधल्या साखळीच्या फटीत. दर ओळीला १६ वाढतात: ६८, ८४, १००. कोपऱ्यांतल्या साखळ्या खांबांत मोजू नका.

मूळ प्रश्नकर्ती
उसवून घातलं, ६८ आले! सुई कोणती घेऊ? माझ्याकडे लेसची बारीक स्टीलची आहे.

प्रतिसाद १
ती नको, लोकरीचे पदर फाटतील. जुन्या ब्रिटिश आकड्यांत नंबर वाढला की सुई बारीक: ८ म्हणजे ४ मिमी, ११ म्हणजे ३ मिमी, १४ म्हणजे २ मिमी. तुम्हाला ३ मिमी लागेल. ३ औंस म्हणजे साधारण ८५ ग्रॅम, पण १०० घ्या, पुढे त्याच रंगाची तीच लॉट मिळेल असं नाही. आधी चौकोनी तुकडा विणून पाहा. पॅटर्नमध्ये ‘टेन्शन’ (विणीचं माप) इंचाला ६ खांब असेल तर २ इंचांत १२ भरले पाहिजेत. १३ झाले तर सुई जाड करा, ११ झाले तर बारीक.

प्रतिसाद २
किनारीचं राहिलं. ‘१ डी.सी., * मिस २, पुढच्यात ५ टी.आर., मिस २, पुढच्यात १ डी.सी.’ असं असेल (* पासून पुन्हा पुन्हा) तर ६ च्या पटीत अधिक १ टाके हवेत. एकाच टाक्यातल्या ५ खांबांचा शिंपला होतो; दोन शिंपल्यांच्या मधला डी.सी. मुका खांबच घाला. तिथे उंच खांब आला की दरी भरून निघते आणि शिंपले सपाट पडतात.