उद्योजकतेचं एमबीए ११ लाखांचं: करावं, की तेच पैसे बेदाण्याच्या युनिटमध्ये घालावेत?

सायली_तासगाव

धाकटा भाऊ यंदा फूड टेक्नॉलॉजीत बी.टेक. झाला. त्याला बेदाणा प्रतवारी-पॅकिंगचं युनिट टाकायचंय. पण त्याआधी पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठातून उद्योजकतेचं दोन वर्षांचं एमबीए करायचं त्याच्या मनात आहे. फी दोन वर्षांची मिळून ११ लाख, राहणं-जेवण महिन्याला १४ हजारांच्या घरात. १० लाखांचं शैक्षणिक कर्ज काढावं लागेल, त्याला बँक घर तारण मागतेय. दुसरीकडे सांगलीत, घरून जाऊन-येऊन करता येईल अशी २८ हजारांची नोकरी हातात आहे. डिग्री असली की धंद्याला कर्ज लवकर मिळतं, ओळखी होतात, असं तो म्हणतो. बाबा म्हणतात, तेच पैसे धंद्यात घाल. जाणकारांनी आकडे मांडून सांगावं.

कॅशक्रेडिट

ताई, फी ११ लाख, राहणं-जेवण २४ महिन्यांचं ३.३६ लाख, बुडालेला पगार ६.७२ लाख. झाले २१ लाख. त्यातून तो घरी राहिला असता तरी झाला असता तो खर्च वजा करा, तरी २० लाखांच्या आसपास उरतात.

आता व्याज. अभ्यासक्रमाचा काळ आणि पुढे एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज पैसे उचलल्या दिवसापासून लागतं. पाच लाख पहिल्या वर्षाच्या सुरुवातीला, पाच दुसऱ्या वर्षाच्या, आणि दर १० टक्के धरला तर हप्ता सुरू होताना देणं १२.५ लाखांचं झालेलं असतं. १० वर्षांच्या मुदतीला हप्ता साधारण १६,५०० रुपये, एकूण परतफेड १९.८ लाख. शिकत असताना व्याज भरत राहिलात तर हप्ता १३,२०० च्या आसपास येतो. आयकरात या व्याजाची वजावट आहे, पण ती फक्त जुन्या करप्रणालीत, आणि उत्पन्नच नसेल तर तिचा उपयोग शून्य.

मला त्या हप्त्यापेक्षा घराची काळजी जास्त वाटते. घर एकदा शैक्षणिक कर्जाला अडकलं की उद्या कॅश क्रेडिट (धंद्याच्या रोजच्या गरजेसाठी बँकेची उचल) मागताना तारण द्यायला काही उरत नाही. सीजीटीएमएसई या लहान उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या सरकारी ट्रस्टची हमी घेऊन विनातारण कर्ज मिळू शकतं, पण शाखा व्यवस्थापक आधीचा हप्ता बघतोच. तो थकला तर सिबिल बिघडतं, आणि मग धंद्याची फाइल पुढे सरकत नाही.

डिग्रीमुळे कर्ज लवकर मिळतं, यावर तर अजिबात विसंबू नका. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादनाच्या १० लाखांवरच्या प्रकल्पाला शिक्षणाची अट आठवी पास एवढीच आहे. बँक बघते ते स्वतःचा हिस्सा, यंत्रांची कोटेशनं, जागेचे कागद, माल कुणाला जाणार आणि आधीची देणी.

तरी डिग्रीच करायची ठरली, तर ते विद्यापीठ पीएम-विद्यालक्ष्मी या केंद्राच्या शैक्षणिक कर्ज योजनेच्या यादीत आहे का ते आधी बघा. असेल तर तारण आणि जामीनदार दोन्ही लागत नाहीत. नसेल तर घर तारण ठेवून ही डिग्री करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मार्केटयार्ड_सांगली

वरच्या हिशेबात धंद्याची बाजू राहिली. बेदाण्यात पैसा यंत्रात कमी आणि मालात जास्त अडकतो. माल फेब्रुवारी ते मे या काळात येतो, विक्री मात्र दिवाळीपर्यंत आणि पुढेही चालते. त्यामुळे हंगामात घेतलेला माल कोल्ड स्टोरेजला सहा-आठ महिने पडून राहतो.

लहान उद्योगाचं खेळतं भांडवल, म्हणजे माल घेण्या-विकण्यात फिरणारा पैसा, बँका बहुधा उलाढालीवर काढतात. वर्षाच्या अंदाजी विक्रीच्या २५ टक्के गरज धरायची, त्यातले २० टक्के बँक देणार, ५ टक्के तुमचे. समजा विक्री ५० लाखांची दाखवली: बँकेचे १० लाख, तुमचे अडीच. पण २५ टक्के म्हणजे तीन महिन्यांचं चक्र झालं, आणि बेदाण्याचं चक्र तीन महिन्यांत फिरत नाही. १६० रुपये किलो भाव धरून २५ टन माल घ्यायचा तर ४० लाख लागतात. त्यातला निम्मा जरी हंगामात उचलला तरी २० लाख. हातात साडेबारा. साडेसात लाखांची तूट पहिल्याच हंगामात दिसते. नवी युनिटं बहुतेक इथेच अडतात: यंत्र बसलेलं असतं, पण माल घ्यायला पैसा नसतो. मग व्यापाऱ्याकडून चढ्या दराने उचल घेतली जाते आणि नफा तिथेच जातो.

म्हणून फाइल करतानाच महिनावार रोख-प्रवाहाचा तक्ता जोडा, हंगामी वाढीव मर्यादा मागा, आणि कोल्ड स्टोरेजच्या पावतीवर तारण कर्जाचं विचारा. दर महिन्याचं स्टॉक स्टेटमेंट (शिल्लक मालाचा तक्ता) बँकेला वेळेवर द्यायचं. ज्या मालाचे पैसे शेतकऱ्याला अजून दिलेले नाहीत, त्यावर बँक उचल देत नाही, हे नवख्यांना उशिरा कळतं.

तुमच्या भावाला फूड टेक्नॉलॉजीचा खरा उपयोग इथे आहे. ओलावा १५-१६ टक्क्यांच्या वर असेल तर माल आंबतो, फार कमी असेल तर कडक होतो आणि वजन घटतं. उष्णतेत हिरव्या मालाचा रंग तपकिरी व्हायला लागतो आणि भाव पडतो. सौद्याला उभं राहून मूठभर माल दाबून ओलावा ओळखणं आणि मग मीटरने तो ताडून बघणं, हे एक पूर्ण हंगाम केल्याशिवाय येत नाही. गंधकाची धुरी दिलेल्या मालात किलोला १० मिलिग्रॅम किंवा जास्त सल्फाइट असेल तर पाकिटावर तसं छापावं लागतं. ते राहिलं तर छापलेली सगळी पाकिटं वाया.

उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करताना नुसता व्यापार म्हणून नोंद करू नका. ४५ दिवसांत पैसे मिळण्याचं कायद्याचं संरक्षण उत्पादक आणि सेवा उद्योगांना आहे, व्यापाऱ्यांना नाही. नोंदणी फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका.

व्यवस्थापन_शिक्षक

दोघांचंही पटतं, पण डिग्रीची बाजूही नीट मांडायला हवी. कर्जासाठी तिचा उपयोग नाही, हे बरोबर. ती कामी येते ते तीन ठिकाणी: चांगले सहकारी मिळण्यात, मोठ्या खरेदीदारांपर्यंत पोचण्यात, आणि धंदा नाही जमला तर नोकरीत. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, कारण हप्ता त्यातूनच फिटणार असतो. म्हणून माहितीपत्रकातल्या सर्वाधिक पॅकेजकडे बघू नका. उद्योजकता याच विशेषीकरणाच्या मुलांचा मध्यक पगार (सगळे पगार क्रमाने लावले की मधोमध येणारा) लेखी मागा, आणि नोकरीसाठी किती जणांनी नाव दिलं होतं तेही. सरासरीचा आकडा दोन-तीन मोठ्या पगारांनी फुगतो.

मागच्या तीन तुकड्यांमधून सुरू झालेले आणि आज चालू असलेले धंदे कोणते, ते विचारा. नावं मिळाली की जीएसटी पोर्टलवर क्रमांक शोधून नोंदणी सक्रिय आहे का ते पाहता येतं. धंद्यासाठी प्लेसमेंट सोडलं तर नंतर परत बसू देतात का, हाही प्रश्न आहेच. आयआयएम अहमदाबादसारख्या संस्थेत तशी सोय आहे, सगळीकडे नाही.

मधला मार्गही आहे. मुंबईच्या एसपीजेआयएमआर या व्यवस्थापन संस्थेत कौटुंबिक उद्योगांसाठीचा अभ्यासक्रम महिन्यातला काही काळ वर्ग आणि उरलेला काळ आपल्या धंद्यात, अशा पद्धतीचा आहे. तो स्वस्त नाही, पण धंदा बंद ठेवावा लागत नाही. हिशेब, खर्च-लेखा, विपणन एवढंच शिकायचं असेल तर सरकारच्या स्वयम् या ऑनलाइन पोर्टलवरचे अभ्यासक्रम फुकट आहेत, फक्त परीक्षेची फी पडते.

सायली_तासगाव

खूप आभार सगळ्यांचे. समजा त्याने वर्षभर नोकरी केली आणि मग युनिट टाकलं, तर अनुदानाचं काय? बाबा ३५ टक्के म्हणत होते.

कॅशक्रेडिट

ते पीएमएफएमईचं, म्हणजे सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेचं असावं. पात्र खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख. जागेच्या किमतीवर ते मिळत नाही, खेळत्या भांडवलावरही नाही. शिवाय पैसे हातात येत नाहीत, कर्ज खात्याला जोडून तीन वर्षं ठेवले जातात आणि कर्ज नियमित असेल तरच वळते होतात. त्यामुळे पहिल्या हंगामाची तूट अनुदानातून भरून निघेल असं धरू नका. योजनेची मुदत चालू आहे का, ते अर्जाआधी जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात विचारा.

नोकरीच्या पगारातून महिन्याला १५ हजार बाजूला पडले तर वर्षात १.८ लाख होतात. वर म्हटलेल्या अडीच लाखांच्या स्वतःच्या हिश्श्यातला मोठा भाग तिथेच निघाला, आणि एका हंगामाचा अनुभवही पदरात पडला.

व्यवस्थापन_शिक्षक

जागा पकडून ठेवायला आधीच पैसे भरले असतील, तर प्रवेशाची जाहीर झालेली अंतिम तारीख आजच बघा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमाप्रमाणे त्या तारखेच्या १५ दिवस आधीपर्यंत प्रवेश रद्द केला तर थोडं प्रक्रिया शुल्क कापून पूर्ण फी परत, त्यानंतर अंतिम तारखेपर्यंत ९० टक्के, पुढच्या १५ दिवसांत ८०, त्यापुढे ३० व्या दिवसापर्यंत ५०, आणि नंतर काहीच नाही. अर्ज ईमेलने करा आणि पोच जपून ठेवा.