‘ऑनलाइन ऑर्डेन’ झालेला मित्र : मराठीत काय म्हणावे?

शब्दवेल्हाळ
एका अनुवादात एका वाक्यापाशी गाडी अडली आहे. गोष्ट अमेरिकेतली. नवरी सांगते की आमचं लग्न पाद्र्याने नाही, कॉलेजातल्या मित्राने लावलं आणि त्यासाठी तो ऑनलाइन ‘ऑर्डेन’ झाला. मित्र चर्चची पायरी न चढणारा, देवाधर्माशी देणंघेणं नसलेला. कोशात बघितलं तर दीक्षा देणे, अभिषेक करणे, धर्मोपदेशक म्हणून नेमणे. ‘मित्राने दीक्षा घेतली’ असं लिहिलं तर वाचकाला वाटणार, गडी संन्यासाला निघाला. त्यात मूळ वाक्यात ‘मॅरी’ हे क्रियापद आहे. अनुवाद करणाऱ्या यंत्राला विचारलं, तर ‘मित्राने आमच्याशी लग्न केलं’ असं उत्तर आलं! नीट शब्द सुचवा.

तिरकस
‘दीक्षित झाला’ लिहू नका. आडनाव कधी बदललं, असं कोणीतरी विचारेलच. आणि पुढे पाद्री या अर्थाने ‘मिनिस्टर’ येणार असेल तर सांभाळा, यंत्र त्याचा मंत्री करतं. लग्न लावायला मंत्रिमहोदय.

उंबरठा
‘मॅरी’ची चिंता सोडा, तिथे मराठी इंग्रजीपेक्षा श्रीमंत आहे. लग्न जुळवणारा वेगळा, ठरवणारा वेगळा, करून देणारा वेगळा, लावणारा वेगळा आणि करणारी तर ती दोघं. इंग्रजीत पाद्रीही ‘मॅरी’ करतो, नवराही करतो. आपल्याकडे ‘लग्न लावलं’ म्हटलं की कोण उभं होतं आणि कोण समोर होतं ते आपोआप कळतं. बरं, ‘लावणे’ या क्रियापदात धर्म कुठेच नाही. दिवा लावतो, झाड लावतो, तसं लग्न लावतो. रजिस्ट्रारही लग्न लावतो असं आपण सहज म्हणतो. तेव्हा विधी चालवणे या अर्थाच्या ‘ऑफिशिएट’ला ‘पौरोहित्य करणे’ वगैरे जडजंबाल नको. ‘लग्न लावणे’ पुरे.

राहिला ‘ऑर्डेन’. माझं मत, तो शब्दच गाळा. ‘लग्न लावण्याचा अधिकार त्याने ऑनलाइन मिळवला.’ संपलं.

कोरा कागद
लग्न लावणे, एकदम मान्य. पण ‘अधिकार मिळवला’ने गोष्टीतली गंमत आणि गोम दोन्ही जातात. तो अधिकार त्याला सरकारकडून मिळालेला नाही. एका चर्चने त्याला कागदोपत्री पाळक, म्हणजे पाद्री, केलं आणि पाळकाला लग्न लावता येतं असं राज्याचा कायदा म्हणतो. अधिकार मिळतो तो या आडवाटेने.

यातलं सगळ्यांत गाजलेलं चर्च म्हणजे युनिव्हर्सल लाइफ चर्च. कर्बी हेन्स्ले नावाच्या गृहस्थाने 1962 साली कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो इथे त्याची नोंदणी केली. जो मागेल त्याला पाळकपद, श्रद्धेची चौकशी नाही. आधी हे टपालाने चालायचं. पुढे इंटरनेट आलं आणि सिअ‍ॅटलहून चालणाऱ्या वेगळ्या शाखेने तर ते काही मिनिटांचं काम करून टाकलं. नाव लिहा, पत्ता लिहा, बटण दाबा, झालात पाळक. पाळकपद फुकट, भिंतीवर लावायचं प्रमाणपत्र हवं असेल तर पैसे. 1974 मध्ये या चर्चच्या करमाफीचा वाद संघराज्य न्यायालयात गेला, तेव्हा एखाद्याचा धर्म खरा की खोटा हे तोलणं आमचं काम नव्हे, अशी भूमिका न्यायालयाने घेतली.

म्हणून म्हणतो, नास्तिक माणूस नावापुरता पाळक होतो ही विसंगती वाक्यात दिसायला हवी.

पानगळ
मी ख्रिस्ती घरातली, म्हणून थोडं बोलते. आमच्यात पाळक, धर्मगुरू, रेव्हरंड, फादर हे शब्द पंथाप्रमाणे बदलतात. कॅथलिक लोक गुरुदीक्षा म्हणतात, प्रोटेस्टंट मंडळींत पाळकाचा दीक्षाविधी. त्यामागे सेमिनरीतली, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयातली, काही वर्षं असतात, परीक्षा असतात, मग बिशप किंवा वडील मंडळी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. बटण दाबून जे मिळतं त्याला ‘गुरुदीक्षा’ म्हटलेलं मला खुपेल, आणि अनुवाद म्हणूनही ते चूकच. दीक्षा मनाने घ्यायची असते. इथे मन बाजूलाच आहे.

‘पाळकपद घेतलं’ मात्र चालेल. पद काय, घेता येतं.

तिरकस
आणि सोडताही येतं. ‘पाळकपद घेतलं’ला माझंही मत. ‘पुरोहित’चं काय पण? व्युत्पत्तीने तो फक्त ‘पुढे ठेवलेला’. त्यात देव कुठाय?

उंबरठा
व्युत्पत्तीवर गेलात तर ‘ऑर्डेन’ही लॅटिनमधल्या क्रमवारीच्या, नेमणुकीच्या शब्दावरून आलाय, त्यातही देव नाही. पण वाचक व्युत्पत्ती वाचत नाही, शब्द वाचतो. ‘पुरोहित’ म्हटलं की सोवळं दिसतं. अमेरिकेतल्या गोष्टीत सोवळं नको.

पाळकपदाबद्दल मात्र अजून शंका आहे. नुसतं कागदी पद असेल तर त्याला इतकं महत्त्व का द्यायचं?

कोरा कागद
कारण त्या कागदावर लग्न टिकतं किंवा मोडतं. तिथली पद्धत अशी : जोडपं काउंटी क्लार्ककडून, म्हणजे स्थानिक सरकारी कचेरीतून, विवाह परवाना आणतं. लग्न लागल्यावर लावणारा त्यावर तारीख, ठिकाण, सही आणि आपला हुद्दा भरतो आणि मुदतीत परत पाठवतो. हुद्द्याच्या रकान्यात ‘मित्र’ लिहून भागत नाही.

1980 चा नॉर्थ कॅरोलायनातला खटला बघा. एका साध्या कॅथलिक गृहस्थाने दहा डॉलर देऊन टपालाने याच चर्चचं प्रमाणपत्र घेतलं आणि एक लग्न लावलं. पुढे नवरा दुसरं लग्न करून द्विभार्येच्या गुन्ह्यात अडकला. राज्याचं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, पहिलं लग्न कायद्याने नीट लागल्याचं सिद्ध होत नाही, मग द्विभार्या कसली? सुटला. पुढे विधिमंडळाला कायदा करून तसली जुनी लग्नं वैध ठरवावी लागली. न्यूयॉर्कमध्येही 1989 साली अपील न्यायालयाने या चर्चच्या पाळकाने लावलेलं लग्न मानलं नाही. टेनेसीने 2019 मध्ये ऑनलाइन पाळकांना थेट मनाईच केली, त्यावरून खटला झाला.

आता ‘अधिकार मिळवला’ लिहून बघा. अधिकार होता की नव्हता, वाद तर त्याचाच.

पानगळ
हे पटलं. ‘लग्न लावता यावं म्हणून पाळकपद घेतलं.’ लावता आलं की नाही, ते पुढचं पुढे.

शब्दवेल्हाळ
छान. आणखी एक. मित्राचं वर्णन ‘नास्तिक’ करू की ‘निधर्मी’? मूळ शब्द धर्माशी संबंध नसलेला, एवढाच आहे.

उंबरठा
‘अधर्मी’ तर अजिबात नको, तो दुराचारी होतो. ‘निधर्मी’ राज्याला शोभतो, माणसाला लावला की शिवीच्या जवळ जातो. ‘नास्तिक’ म्हणजे देव नाही असं मानणारा, ते वेगळं. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेच्या 2023 च्या पाहणीत अमेरिकेतल्या 28 टक्के प्रौढांनी आपण कुठल्याच धर्माचे नाही असं सांगितलं, पण त्यातले बरेच जण देव किंवा कुठलीतरी शक्ती मानतात. या सगळ्यांना नास्तिक म्हणणं म्हणजे त्यांच्या तोंडी नसलेलं वाक्य घालणं. ‘कुठलाच धर्म न पाळणारा’ लिहा. लांब आहे, पण खरं आहे.

कोरा कागद
ज्यांना असं खोटं खोटं पाळक व्हायचं नाही त्यांचीही बाजू ऐका. इंडियानात सेंटर फॉर इन्क्वायरी ही धर्म न मानणाऱ्यांची संस्था कोर्टात गेली : आमचे लोक लग्न का लावू शकत नाहीत? 2014 मध्ये सातव्या सर्किटच्या (संघराज्याच्या एका विभागाच्या) अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. आपण धर्म आहोत असं खोटं सांगितलं तरच मानवतावाद्यांना लग्न लावता येईल, हे तर्काला धरून नाही, असा त्याचा आशय. न्यूयॉर्कने 2023 पासून वेगळी वाट काढली. अठरा पूर्ण असलेल्या कोणालाही 25 डॉलर भरून एका लग्नापुरता परवाना मिळतो. कोलोरॅडोत तर जोडपं स्वतःच स्वतःचं लग्न लावू शकतं.

तिरकस
म्हणजे न्यूयॉर्कच्या परवान्याला उंबरठा यांचा ‘अधिकार मिळवला’ चपखल बसतो, आणि ऑनलाइनवाल्याला ‘पाळकपद घेतलं’. दोघांचंही खरं, भांडण कशाला?

उंबरठा
भांडत कोण होतं? गोष्ट कुठल्या राज्यात घडते ते आधी विचारायला हवं होतं, एवढंच.

शब्दवेल्हाळ
कॅलिफोर्नियात. तेव्हा असं लिहितोय : ‘आमचं लग्न पाद्र्याने नाही, कॉलेजातल्या मित्राने लावलं. कुठलाच धर्म न पाळणाऱ्या आमच्या मित्राने त्याच्यासाठी ऑनलाइन पाळकपद घेतलं होतं.’ पुढच्या परिच्छेदात ऑस्ट्रेलियातली ‘सेलिब्रंट’ बाई येते. तिथे 1973 पासून सरकारच धर्माबाहेरच्या लोकांना लग्न लावायला नेमतं म्हणे. तिला काय म्हणू?

पानगळ
‘त्याच्यासाठी’ऐवजी ‘त्यासाठी’ करा, नाहीतर पाळकपद कोणा तिसऱ्यासाठी घेतल्यासारखं वाटतं. सेलिब्रंटला ‘लग्न लावणारी’. नेमणूक सरकारी आहे हे महत्त्वाचं असेल तर एकदा ‘सरकारमान्य’ जोडा, मग पुन्हा नको.